मंगळावर उतरायचं यान: एकेरी की परतीचं?

वेंगुर्ल्याच्या आमच्या वाडीत गणपतीतल्या एकांकिकेसाठी काल्पनिक यान ठरवायचं आहे. एक गट म्हणतो, फक्त उतरणारं. दुसरा विचारतो, "मगे परत कसो येतलो?"

परतीच्या यानाचं खरं ओझं इंधनाचं. अपोलोचं चंद्रावर उतरणारं यान सुमारे 15 टनांचं. त्यातला जेमतेम 5 टनांचा वरचा भाग माणसांना घेऊन उडाला, खालचा तिथेच राहिला. आणि तो तर चंद्र! मंगळाचं गुरुत्वाकर्षण त्याच्या दुपटीहून जास्त. परतीचं इंधन सोबत न्यायचं, तर तेवढं वजन अलगद टेकवायलाही आणखी इंधन हवं. शिवाय तिथली हवा इतकी विरळ, की जड यानाचं नुसत्या पॅराशूटवर भागत नाही.

एकेरी यानात ती जागा पाण्याला, बियाण्यांना, यंत्रांना मिळते. यानच घर होतं. पावसाळ्यात होडी उलटी घालून तिच्याखाली सामान ठेवावं तसं. आपल्या चांद्रयान-3चं चंद्रावर उतरणारं यान, विक्रम, तेही एकेरीच. 23 ऑगस्ट 2023 रोजी उतरलं, पुढे सुमारे 40 सेंटिमीटरची एक उडी मारली, बस्स.

माझं मत एकेरीला. परतीची सोय असली की दुसऱ्या प्रवेशातच सगळी पात्रं घरी निघतील, आणि भांडायला कुणी उरणार नाही. माणूस परत आणायचाच असेल, तर वेगळं यान पुढच्या वर्षीच्या गणपतीत पाठवा.