ट्रॅकसाठी तयार केलेली पोलो 1.0 टीएसआय: काही महिन्यांच्या वापरानंतर काय टिकलं आणि काय नाही

चाकणला 2022 पर्यंत बनलेली फोक्सवॅगनची पोलो, त्यातही 999 सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल आणि सहा गिअरचा मॅन्युअल, ही हौशी ट्रॅक ड्रायव्हिंगसाठी फार चांगली सुरुवात आहे. 110 पीएस आणि 175 एनएम कमी नाहीत. तरी बहुतेक जण पहिला खर्च रीमॅपवर, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवण्यावर करतात. तो क्रम उलटा आहे. ही गाडी ट्रॅकवर ताकद कमी पडते म्हणून थांबत नाही, उष्णतेमुळे थांबते. आधी ब्रेक, मग टायर, मग कूलिंग, आणि या तिन्हींवर भरवसा बसला तरच इंजिन.

कोइंबतूरचा कारी ट्रॅक साधारण 2.1 किलोमीटरचा आणि मद्रासचा साधारण 3.7 किलोमीटरचा. आखूड ट्रॅकवर दोन ब्रेकिंगमध्ये डिस्कला गार व्हायला वेळच मिळत नाही, त्यामुळे वेग कमी असूनही कारीवर ब्रेक लवकर दमतात.

ब्रेक दोन प्रकारे जातात आणि दोन्हींतला फरक पायाला कळतो. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर फ्लुइड उकळलं आहे. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्याच्या मर्यादेपलीकडे तापला आहे. पहिल्या रोगावर महागडे पॅड घालून उपयोग नाही, आणि दुसऱ्यावर कितीही ब्लीडिंग केलं, म्हणजे लाइनमधली हवा आणि जुनं फ्लुइड काढलं, तरी फरक पडत नाही.

ब्रेक फ्लुइडच्या डॉट 4 मानकात नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषलेल्याचा 155. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत एक पावसाळा काढलेलं फ्लुइड दुसऱ्या आकड्याकडेच सरकत असतं. मोतुल आरबीएफ 600 चा कोरडा उत्कलनबिंदू 312 अंश आहे आणि पाणी शोषल्यावरही तो दोनशेच्या वर राहतो. एवढ्या फरकात पेडल शेवटच्या लॅपपर्यंत तसंच राहतं. पूर्ण बदलायला 500 मिलीच्या दोन बाटल्या धरा. उघडलेली बाटली पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. नावात पाच आहे म्हणून डॉट 5 आणू नका, ते सिलिकॉनचं असतं आणि यात मिसळत नाही. डॉट 5.1 चालतं.

ब्लीड करताना टाकीतली पातळी खालच्या खुणेपर्यंतही जाऊ देऊ नका. हवा एबीएसच्या युनिटमध्ये शिरली तर ती काढायला स्कॅनर लावावा लागतो. या गाडीत क्लचलाही त्याच टाकीतून फ्लुइड जातं, म्हणून क्लचचा स्लेव्ह सिलिंडरही (फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा) ब्लीड करा. हे गॅरेजमध्ये हमखास राहून जातं आणि मग तापल्यावर क्लचचं पेडल वर यायला आळस करतं.

पॅडमध्ये फेरोडो डीएस2500 या वापराला सर्वांत जुळला. गार असतानाही धरतो, त्यामुळे घरापासून ट्रॅकपर्यंत त्याच पॅडवर जाता येतं. काळी धूळ भरपूर पडते, सकाळी थोडा किंचाळतो, ते चालवून घ्यावं. शुद्ध रेसिंग पॅड रस्त्यावर नको, गार असताना ते धरतच नाहीत. नवे पॅड बसवल्यावर ताशी 80 वरून 20 पर्यंत आठ-दहा वेळा जोरात ब्रेक, मध्ये कुठेही न थांबता, आणि मग दोन लॅप ब्रेकला हात न लावता. सेशन संपल्यावर पिटमध्ये पेडल दाबून उभं राहिलं की तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटतो. पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक 'डिस्क वाकली' म्हणून नवी डिस्क घेतात. हँडब्रेकही ओढू नका, मागे ड्रम आहेत आणि तापलेले शू धरून बसतात. गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली लाकडी ठोकळा लावा. कॅलिपरच्या स्लाइड पिनला उच्च तापमानाचं सिलिकॉन ग्रीस हवं. साधं ग्रीस वितळून गेलं की पिन अडकते आणि पॅड तिरका झिजतो.

फॉग लॅम्पच्या जागेतून 63 मिमीचा पाइप नेऊन हवा डिस्कच्या मधोमध, हबजवळ सोडली तर पॅड बराच जास्त टिकतो. व्हेंटिलेटेड डिस्क हवा आतून ओढून बाहेर फेकते, म्हणून कडेला मारलेली हवा वाया जाते. पाइप बांधल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून तो टायरला घासत नाही ना ते बघाच.

टायरची हवा गार असताना 28 पीएसआय ठेवली की तीन-चार लॅपनंतर 34 ते 36 होते, तिथेच सर्वांत चांगली पकड मिळाली. टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारा. रेघ खालपर्यंत पुसली तर हवा कमी आहे. पुढच्या टायरची बाहेरची कड आधी खाल्ली जाते, कारण मूळ कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकलेला कोन, फारच कमी असतो. इथे एक अडचण आहे. पोलोचा स्ट्रट (शॉक अॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा खांब) नकलमध्ये, म्हणजे चाकाचा हब धरणाऱ्या भागात, वरून घुसवून बोल्टने आवळलेला असतो, त्यामुळे बाजारातले कॅम्बर बोल्ट तिला लागतच नाहीत. वरच्या माउंटला कॅम्बर प्लेट घालावी लागते. उणे 2 अंश रोजच्या वापरालाही सोसतो. कॅम्बर बदलला की टो (वरून बघताना चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो, अलाइनमेंट परत केल्याशिवाय रस्त्यावर काढू नका. अलॉय बदलत असाल तर 5 गुणिले 100 चा पीसीडी (100 मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट) आणि 57.1 मिमीचा मधला छिद्रव्यास बघा. हब आणि अलॉयमधली फट भरणारी मधली रिंग अॅल्युमिनियमचीच घ्या, प्लास्टिकची वितळते. बोल्ट 120 एनएमला आवळायचे आणि चाक गार झाल्यावर टॉर्क रेंच पुन्हा लावायचा.

कूलिंगमध्ये या इंजिनाचा कच्चा दुवा म्हणजे पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर. त्याभोवती गुलाबी सुकलेला डाग दिसला तर गाडी ट्रॅकवर नेऊ नका. टर्बोतून येणारी तापलेली हवा गार करणारा इंटरकूलर पाण्यावर चालतो आणि इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. तो तापला की चौथ्या-पाचव्या लॅपला ओढ कमी झाल्याचं जाणवतं. रीमॅपने हीच गोष्ट आणखी लवकर होते, आणि मूळ क्लचही घसरू लागतो. चार लॅप जोरात, एक लॅप सावकाश, असं चालवलं तर मूळ अवस्थेतली गाडी दिवसभर टिकते. तेल वरच्या खुणेपर्यंतच, त्यापुढे भरलं तर क्रँक ते घुसळून फेस करतो. पेट्रोल पाव टाकीच्या खाली गेलं की लांब वळणात पंपाला हवा लागते.

गाडी ओढून न्यायचा पुढचा टो हुक आधीच बसवून ठेवा. त्याचे आटे उलटे आहेत, डावीकडे फिरवून आवळायचा. चार पट्ट्यांचा हार्नेस (रेसिंगचा सीटबेल्ट) मूळ सीटवर लावून खांद्याचे पट्टे खाली जमिनीला बांधणं धोक्याचं आहे, धडकेत ते पाठीच्या कण्यावर दाब आणतात. पूर्ण रेसिंग सीट आणि खांद्याचे पट्टे बांधायला योग्य बार नसेल तर मूळ तीन बिंदूंचा पट्टाच बरा. नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, त्यामुळे ट्रॅकवरचं नुकसान खिशातूनच भरायचं हे धरून चाला. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ही लक्षात असू द्या. रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीत रोल केज (आतला संरक्षक लोखंडी पिंजरा) घालायच्या आधी आरटीओत विचारा.

आणि पुण्याहून कोइंबतूरला गाडी चालवत गेला असाल, तर परत निघायच्या आधी चारही चाकं काढून बघा. पुढचा पॅड 4 मिमीच्या खाली असेल तर बदलूनच निघा, हजार किलोमीटरहून जास्त रस्ता पुढे आहे. म्हणून जुन्या पॅडचा जोड, जॅक आणि 120 एनएमचा रेंच डिकीत कायम.