व्हॅनच्या पुढच्या चाकाची घूं घूं आणि सहा चिमट्यांचा माइक किट : नऊ महिने वापरल्यावर

गाडीखाली चिमट्यांनी माइक लावून आवाज नक्की कुठून येतोय ते ऐकायचा हा किट, नऊ महिने झाले वापरतोय म्हणून आता लिहायला बसलो. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच देऊन मोकळा झालो असतो आणि नंतर तोंडघशी पडलो असतो.

आधी गाडी सांगतो. व्हॅन १५ वर्षांची, दोन लाख दहा हजार किलोमीटर पळालेली, फ्रंट व्हील ड्राइव्ह, मागे कायम काही ना काही सामान. पुढून आवाज यायला लागला. ताशी ४० पर्यंत गप्प, ४५ ला घूंऽऽ सुरू, ६० ला तर शेजारच्याशी बोलताना आवाज चढवावा लागायचा, आणि ७५ च्या पुढे वाऱ्याच्या आवाजात बुडून जायचा त्यामुळे वाटायचं की गेला. रिकाम्या सरळ रस्त्यावर न्यूट्रलला टाकून पाहिलं, इंजिनाचा आवाज खाली बसला पण घूं तशीच, म्हणजे इंजिनावरचा संशय सुटला आणि चाकाबरोबर फिरणारं काहीतरी आहे एवढं नक्की झालं. याच्या जोडीला कधी कधी खड्ड्यात एक चाक गेलं की टक् असा आवाज. हे दोन वेगळे आवाज आहेत, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे माझ्या डोक्यात शिरायलाच तीन महिने गेले. मी आपला सगळ्यांना "पुढे आवाज येतो" एवढंच सांगत फिरत होतो.

आवाज ड्रायव्हर बाजूने येतोय याबद्दल माझी पक्की खात्री होती. मेकॅनिकने एक चक्कर मारली, त्यालाही तसंच वाटलं. बदललं ड्रायव्हर बाजूचं बेअरिंग, म्हणजे चाक ज्याच्यावर फिरतं तो भाग. आमच्या गाडीत हबसकट (हब म्हणजे चाक ज्याला बोल्टने बसतं तो भाग) येणारं बोल्टवालं युनिट आहे, प्रेसवर दाबून काढायचा प्रकार नाही, त्यामुळे जुनं अख्खंच्या अख्खं हातात येतं. गॅरेजमधून बाहेर पडलो, गाडी ४५ ला गेली आणि घूं. घरी येऊन ते जुनं युनिट हातात धरून फिरवलं तर कुठे खरखर नाही, कुठे अडत नाही, मस्त गुळगुळीत फिरतंय. त्या दिवशी जो वैताग आला तो सांगत नाही.

मग टायरवर संशय. टायरच्या नक्षीवरून (ट्रेडवरून) हात फिरवला, एका दिशेने मऊ आणि उलट फिरवला की करवतीसारखं बोटांना लागतंय. असे टायर हुबेहूब बेअरिंगसारखे घुमतात हे तोपर्यंत ऐकून होतो, म्हणून मागचे पुढे पुढचे मागे केले, अलाइनमेंट (चाकांचे कोन सरळ करणं) करून घेतली. आवाजाचा सूर जरासा बदलला आणि मी दोन दिवस खूश. तिसऱ्या दिवशी माल भरला आणि घूं परत पहिल्यासारखी. म्हणजे टायरचाही थोडा वाटा होता, पण मुख्य चोर दुसराच. जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून चाक वर-खाली आणि आडवं हलवून बघितलं, प्ले म्हणजे सैलपणा अजिबात नाही. हे लक्षात ठेवा, बेअरिंग घुमायला लागलं तरी बरेच दिवस प्ले येत नाही, त्यामुळे "हलत नाही म्हणजे चांगलं आहे" हे खरं नाही. स्प्रिंगवर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवायची युक्ती पण केली, खराब बेअरिंगची थरथर स्प्रिंगमध्ये लागते म्हणतात. मला दोन्हीकडे सारखंच लागलं. चाक हवेत असताना त्याच्यावर गाडीचा भार नसतो ना, तिथेच घोटाळा होतो.

इथे किट घेतला. लांब तारांना सहा चिमटे, प्रत्येक चिमट्यात माइक, सगळ्या तारा एका छोट्या डबीला जोडायच्या, डबीवर १ ते ६ ची चकती आणि आवाजाचं बटण, हेडफोन लावा आणि गाडी चालू असताना एकेक जागा ऐका. एक गोष्ट आत्ताच सांगतो, हेडफोन लावून स्वतः गाडी चालवू नका, माणूस दुसरा हवाच. तारा बांधायला पाऊण तास गेला. एक नंबर ड्रायव्हर बाजूच्या नकलवर (बेअरिंग ज्याला बसतं तो लोखंडी भाग), दोन क्लीनर बाजूच्या म्हणजे डावीकडच्या नकलवर, तीन ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या ब्रॅकेटवर, चार चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मवर, पाच शॉकअपवर आणि सहा गिअरबॉक्सच्या माउंटिंगजवळ.

मी चालवत होतो, भाचा हेडफोन लावून शेजारी. ५० ला तो म्हणाला, "मामा, एक नंबरवर काहीच नाहीये, दोनवर बघा काय चाललंय." मला पटेना. म्हटलं तारांची अदलाबदल झाली असेल. गाडी थांबवून खाली वाकून तपासलं, तारा बरोबर होत्या. मग तो चालवायला बसला आणि हेडफोन मी घेतले. एकवर टायरची नुसती सळसळ. चकती दोनवर केली आणि रिकामं जातं फिरवावं तशी कोरडी घरघर, इतकी स्वच्छ की एक क्षण मी हेडफोन काढून खिडकीबाहेर बघितलं. ड्रायव्हर बाजूला लांब वळण आलं तशी ती आणखी चढली, गाडी सरळ झाल्यावर उतरली. अशा वळणात भार बाहेरच्या म्हणजे क्लीनर बाजूच्या चाकावर जातो, म्हणजे हिशोब बरोबर. खरं तर ही चढ-उतार मी आधीही ऐकली होती, पण ड्रायव्हर बाजू डोक्यात इतकी घट्ट बसलेली की "रस्त्याचा उतार असेल" म्हणून सोडून दिलं होतं.

मग मला ड्रायव्हर बाजूने का ऐकू यायचं? माझा अंदाज असा की आवाज खालच्या क्रॉसमेंबरमधून (गाडीखालचा आडवा लोखंडी पट्टा) सगळीकडे पसरतो आणि माझ्या दाराचं रबर फाटकं असल्यामुळे तिथून आत शिरतो. रबर बदलल्यावर तो भाग जाणवण्याइतका शांत झाला, म्हणून अंदाज बरोबर असावा असं वाटतं.

क्लीनर बाजूचं युनिट मी स्वतः बदललं. एक्सलचा नट नवीन घेतला आणि टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळला, गनने धडाधड नाही. जुनं हातात फिरवलं तर पाऊण फेरी ठीक आणि मग एका जागी वाळू चावल्यासारखं. आतल्या सीलच्या कडेला तांबूस गंजाची रेघ होती, पाणी तिथूनच गेलेलं. घूं गेली ती आजपर्यंत आली नाही.

इथवर किटचं कौतुक. आता पुढचं.

दुसऱ्याच दिवशी हळू चालताना खस्... खस्... खस्, चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा. परत चिमटे लावले, परत दोन नंबर बोंबलतोय. मी ठरवूनच टाकलं की नवीन युनिट खराब निघालं, बदलून मागायला निघालोच होतो. सहज चाक काढलं तर ब्रेकच्या डिस्कच्या मागचा पातळ पत्रा काम करताना माझ्याच कोपराने वाकलेला आणि डिस्कला एका जागी घासत होता, तिथे चकचकीत ओरखडा दिसत होता. दोन बोटांनी पत्रा मागे ओढला, विषय संपला. सांगायचा मुद्दा, हा किट आवाज कुठे आहे ते सांगतो, काय आहे ते सांगत नाही. घरघर, घासणं, खडा अडकणं, पॅड सैल वाजणं, सगळं त्याच चिमट्यावर येतं आणि ओळखायचं तुम्हालाच. ब्रेकवर हलका पाय ठेवून बघा, आवाज थांबला किंवा बदलला तर आधी पॅड-कॅलिपरकडे जा.

टक् च्या बाबतीत तर किटने निराशाच केली. स्पीडब्रेकर सरळ दोन्ही चाकांनी ओलांडला की काही नाही, एकच चाक चढवलं की टक्. यावरूनच स्टॅबिलायझर लिंक (दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या रॉडच्या टोकाचा छोटा दांडा) आहे हे कळायला हवं होतं, कारण दोन्ही चाकं बरोबर वर गेली तर तो रॉड पिळला जात नाही. पण मी हौसेने चिमटे लावले आणि चार, पाच, दोन तिन्हीवर टक् जवळजवळ सारखाच. ठोक्याचा आवाज लोखंडातून एवढा झटकन पसरतो की फरक कानाला पकडता येत नाही. सततच्या घरघरीला हा किट उत्तम, ठोक्याला बेताचा. शेवटी सापडली ती हाताने, गाडी चारही चाकांवर उभी, भाचा बंपर हलवतोय आणि मी लिंक मुठीत धरून, तेव्हा बोटांना कटकन लागलं. एकच चाक जॅकवर उचलून तपासत होतो तेव्हा लिंक ताणलेली राहायची म्हणून सैलपणा लपून बसायचा. दोन्ही लिंक बदलल्या.

टिकाऊपणा म्हणाल तर मध्यम. चिमट्यांचं रबर दोन महिन्यांत सुटायला लागलं, मग उघडा चिमटा स्वतःच पत्र्यावर वाजतो आणि तुम्ही नसलेला आवाज शोधत बसता. मी वर सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेत. सहा नंबरची तार तिसऱ्या महिन्यात गेली, केबल टाय एकच लावला होता, तार सुटून एक्सलवर गुंडाळली आणि तुटली. आता हातभर अंतरावर टाय लावतो, सायलेन्सरच्या पाइपापासून लांब. डबीवर चालू असल्याचा दिवा इतका मंद आहे की बंद करायचं राहून जातं आणि बॅटरी मरते. सोबत आलेले हेडफोन टाकाऊ, स्वतःचे कान झाकणारे लावा, अर्धा फरक तिथेच पडतो. आणि हो, सीटखाली दोन दिवस काहीतरी खुळखुळत होतं, ते मी चाकात शोधत बसलो, निघाला किटचाच डबा.

एकदाच बेअरिंग बदलायचं असेल तर घेऊ नका, कोणाकडून तरी मागून आणा. जुनी गाडी स्वतः सांभाळत असाल आणि चुकीचं बेअरिंग एकदा बदलून बसला असाल तर घ्या. पाचपैकी साडेतीन. सहा नंबरची तार सुटी मिळत नाहीये, सध्या पाचावर भागवतोय.