डीबी स्पेक्ट्रमची दुरुस्ती: काम चोख, वेळ बेभरवशाची

नाशिकमध्ये महात्मा गांधी रस्त्यालगतच्या एका जुन्या व्यापारी संकुलात, मोबाईलची कव्हरे आणि चार्जर विकणाऱ्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर, जुने घरगुती संगणक दुरुस्त करून देणारा एक गाळा आहे. मालकांचा मूळ व्यवसाय टीव्ही दुरुस्तीचा. संगणकांचे काम ते हौसेने आणि ओळखीतूनच घेतात, त्यामुळे आपले नाव आणि फोन क्रमांक कुठेही छापू नये अशी त्यांची अट आहे, आणि ती पाळूनच हे परीक्षण लिहीत आहे. येणारी सगळी गिऱ्हाइके त्यांना काका म्हणतात. इथेही तेच संबोधन ठेवतो.

माझ्याकडचे यंत्र डीबी स्पेक्ट्रम. सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम ब्रिटनमध्ये 1982 साली आला, 1984 मध्ये त्याची कडक प्लॅस्टिकच्या कळांची स्पेक्ट्रम प्लस ही आवृत्ती निघाली, आणि तिचाच परवाना घेऊन डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने 1986 मध्ये ती डीबी या नावाने भारतात आणली. 3.5 मेगाहर्ट्झचा झेड80 प्रोसेसर, 48 केबी रॅम, पडदा म्हणून घरातला टीव्ही आणि साठवणीसाठी घरातलाच टेपरेकॉर्डर, एवढाच सगळा संसार. सिडकोतल्या आमच्या घरी तो माळ्यावर पडून होता. सुरू केल्यावर पडद्यावर उभे रंगीत पट्टे दिसत आणि पुढे काहीच होत नसे.

असे पट्टे दिसले की स्पेक्ट्रमच्या जाणकाराला रॅमचा संशय येतो. या यंत्रातील खालच्या 16 केबीसाठी वापरलेल्या 4116 जातीच्या चिपना अधिक 5, अधिक 12 आणि उणे 5 असे तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. त्यातले उणे 5 नाहीसे झाले की चिप जळतात, आणि जळलेली चिप पुन्हा ते व्होल्टेज तयार करणाऱ्या ट्रान्झिस्टरला ओढून नेते. नुसत्या चिप बदलून यंत्र परत देणारा कारागीर म्हणूनच धोक्याचा, कारण मूळ दोष तसाच राहिला तर नव्या चिपही जातात. काकांनी आधी व्होल्टेज मोजले, ट्रान्झिस्टर आणि सुकलेले कपॅसिटर बदलले, पुन्हा मोजले आणि त्यानंतरच रॅमला हात घातला. बदललेल्या चिपखाली त्यांनी सॉकेट बसवले आहेत, म्हणजे पुढच्या वेळी बोर्डाला पुन्हा सोल्डरिंगची झळ लागणार नाही. जुन्या चिप एका छोट्या पिशवीत घालून परत दिल्या, हेही नमूद करण्यासारखे आहे.

खरे कौशल्य मात्र कीबोर्डात दिसले. स्पेक्ट्रम प्लसच्या कळांखाली प्लॅस्टिकची पातळ मेंब्रेन असते, आणि तिच्या बोर्डात शिरणाऱ्या पट्ट्या वयोमानाने इतक्या ठिसूळ होतात की झाकण निष्काळजीपणे उचलले तरी मोडतात. नव्याने तयार केलेल्या मेंब्रेन परदेशातून मागवता येतात. काकांनी तशी एक मागवून ठेवलेली होती. ती बसवल्यावर त्यांनी माझ्यासमोर एकेक कळ दाबून तपासली, शिफ्टसह आणि शिफ्टशिवाय. एन्टरची कळ अडकत होती, तेव्हा यंत्र पुन्हा उघडून तिच्याखालचा भाग सरळ केला. हे काम कंटाळवाणे असते आणि बहुतेक जण ते गिऱ्हाइकावर सोडतात.

कीबोर्डाचे एवढे कौतुक करण्याला कारण आहे. आजचे यंत्र सुरू होताच शंभर गोष्टी पुढे करते. स्पेक्ट्रम स्वामित्वहक्काची एक ओळ दाखवतो आणि गप्प बसतो. पुढे काय करायचे ते आपणच टंकायचे. 1995 च्या 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने लोकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या शेल खात्यातही हाच प्रकार होता: चित्रे नाहीत, माउस नाही, फक्त अक्षरे आणि लुकलुकणारा कर्सर. मजकुरावर चालणारे खेळ तर सर्वस्वी याच तत्त्वावर उभे होते. विल क्राउदर आणि डॉन वुड्स यांच्या ‘ॲडव्हेंचर’मध्ये केंटकीतील खऱ्या गुहेवरून बेतलेली गुहा केवळ वाक्यांतून उलगडत जाते आणि खेळणाऱ्याने एक-दोन शब्दांत हुकूम द्यायचा असतो. अशा यंत्राच्या कळा नीट उमटत नसतील तर ते चालू असूनही निकामीच म्हणायचे.

यंत्राबरोबर मी काही कॅसेटही दिल्या होत्या. त्यांतील एकीवर शाळेतल्या मित्राने बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला मजकुराचा खेळ होता: पांडवलेणीत अंधार पडला आहे, हातात कंदील आहे, तेल थोडे आहे. खेळ मराठीत, पण रोमन लिपीत, कारण स्पेक्ट्रमवर स्वतः आखता येणारी अक्षरे फक्त 21 आणि तेवढ्यात आपली वर्णमाला मावणे शक्यच नव्हते. ‘कंदील घे’ असे टंकले तर खेळ पुढे जाई आणि ‘कंदील उचल’ म्हटले की ‘समजले नाही’ असे ठणकावून सांगे. काकांनी टेपरेकॉर्डरच्या हेडचा कोन बारीक स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू फिरवत, कर्कश आवाज जास्तीत जास्त तीक्ष्ण ऐकू येईपर्यंत जुळवला. मग टीव्हीच्या कडेला आधी लाल-आकाशी आणि नंतर निळ्या-पिवळ्या पट्ट्या धावू लागल्या. हा वेग सेकंदाला सुमारे 1500 बिटचा, म्हणजे पूर्ण 48 केबी भरायला पाचेक मिनिटे लागणार. खेळ सुखरूप उतरला आणि त्याची डिजिटल प्रत पेनड्राइव्हवर मिळाली. दुसऱ्या एका कॅसेटला बुरशी धरली होती. ती वाचणार नाही हे त्यांनी आधीच सांगितले आणि तिचे पैसे लावले नाहीत.

गाळ्यात एका टेबलावर दोन मोडेम, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून संगणकांना एकमेकांशी बोलू देणारे वेगळे डबे, मांडलेले आहेत, आणि केवळ ते पाहायलासुद्धा जावे असे मी म्हणेन. डायल करण्याजोगे जुने क्रमांक आता उरलेले नाहीत, म्हणून काकांनी दोन्ही मोडेमच्या टेलिफोन तारा 9 व्होल्टचा सेल आणि एक रेझिस्टर मध्ये घालून थेट एकमेकांना जोडल्या आहेत. एका बाजूला डायलटोनची वाट न पाहण्याचा हुकूम, एटीएक्स3डी, आणि दुसऱ्या बाजूला उत्तर देण्याचा, एटीए. त्याबरोबर उत्तर देणारा मोडेम 2100 हर्ट्झचा लांब सूर धरतो, मग किणकिण, मग खरखर. अनोळखी व्याह्यांनी पहिल्या बैठकीत एकमेकांचा अंदाज घ्यावा तशी दोन्ही यंत्रे तारेची कुवत जोखत वेग ठरवतात. पडद्यावर ‘कनेक्ट 33600’ उमटते आणि स्पीकर आपोआप बंद होतो. पलीकडच्या संगणकावर ‘ॲडव्हेंचर’ चालू असतो, तो अलीकडून खेळता येतो. याचे काका काहीच घेत नाहीत. माझ्या मते त्यांनी माफक शुल्क लावून शनिवारी ठरावीक वेळ ठेवावी, कारण आज कोणी आले की हातातले काम बाजूला पडते.

आणि हीच या सेवेची मोठी उणीव आहे. पंधरवड्यात देतो म्हणून सांगितलेले काम पावसाळा सरेपर्यंत लांबले. मधल्या काळात फोन बहुधा उचलला जात नसे, आणि उचलला तर ‘झालंच आहे, फक्त तपासायचं राहिलंय’ हे एकच उत्तर. यंत्र ताब्यात घेताना पावती मिळत नाही. आपले नाव चिकटपट्टीवर लिहून यंत्राच्या पोटाला लावले जाते. वस्तू जपली गेली हे खरे, परंतु ज्याला बाजारात दुसरी सहज मिळणार नाही अशी वस्तू सोडताना एवढ्या भरवशावर राहावे लागू नये. किमान सुट्या भागांची यादी आणि अंदाजे खर्च लिहून द्यायला हवा.

मेंब्रेन, चिप, इतर भाग आणि मजुरी मिळून मला 4,500 रुपये पडले. मेंब्रेन बाहेरून येते हे लक्षात घेता ही रक्कम वाजवी वाटली. संगणकाचे चित्र टीव्हीच्या चॅनेलवर पाठवणारा मूळचा आरएफ मॉड्युलेटर बाजूला काढून कंपोझिट व्हिडिओची, म्हणजे चित्र टीव्हीला थेट देणारी, जोडणीही त्यातच झाली, त्यामुळे आता टीव्हीवर चॅनेल शोधत बसावे लागत नाही. मॉड्युलेटर डब्यातच ठेवला आहे, म्हणजे ज्याला हवे त्याने पूर्ववत करावे. जुन्या खोक्यात आधुनिक बोर्ड कोंबून देण्याचे काम मात्र काका घेत नाहीत, आणि ज्यांना तसे हवे असेल त्यांनी हा जिना चढू नये.

जाणाऱ्यांनी मूळचा अ‍ॅडॉप्टर आवर्जून बरोबर न्यावा. स्पेक्ट्रमला 9 व्होल्ट लागतात, पण पिनचे मधले टोक ऋण असते, तर बाजारातल्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरमध्ये ते धन असते. तसला एखादा घरी लावून पाहण्याचा मोह टाळावा. गाळा दुपारी बंद असतो, संध्याकाळी उघडतो. संकुलाखाली गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा यंत्र हातात घेऊन शालिमारपासून चालत जाणेच बरे.