जिटा ते अमार: माल कुठल्या वाटेने न्यावा?

ईव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या ऑनलाइन गेममधल्या जिटा आणि अमार या दोन बड्या बाजारपेठांमधला हायसेकचा, म्हणजे पोलिसांच्या पहाऱ्यातल्या भागाचा, रस्ता 2020 च्या आधी जेमतेम 9-10 जंपांचा (एका सिस्टिममधून गेटमार्गे दुसरीत जाणं म्हणजे एक जंप) होता. त्या वर्षी गेममधल्या ट्रिग्लाव्हियन आक्रमकांनी वाटेतली नियार्जा ही सिस्टिम गिळली, पुढे ती त्यांच्या पोचव्हेन प्रदेशात गेली आणि तोच फेरा 45 जंपांवर पोचला. नकाशा त्यानंतरही हलत राहिलाय, त्यामुळे आजचा आकडा गेममधल्या रूट प्लॅनरलाच विचारा. प्लॅनर 'सेफर'वर आणि 'शॉर्टर'वर ठेवून दोन्ही वाटा बघा. दोन्हींतला फरक किती, यावर पुढचं गणित ठरतं.

लांबचा हायसेक रस्ता वेळखाऊ आहे, आणि नावाइतका सुरक्षितही नाही. फ्रेटर, म्हणजे अवाढव्य मालवाहू जहाज, वळायला आणि वॉर्प (सिस्टिममधली वेगवान झेप) घ्यायला इतकं मंद की 45 जंपांत अख्खी संध्याकाळ जाते. ऑटोपायलट लावून जेवायला उठण्याचा मोह होतो, पण ऑटोपायलट जहाजाला थेट गेटवर उतरवत नाही. ते काही किलोमीटर अलीकडे उतरतं आणि उरलेलं अंतर रांगत कापतं. गँक करणाऱ्यांना, म्हणजे टोळीने जहाज फोडून माल लुटणाऱ्यांना, हेच हवं असतं. काँकॉर्ड, म्हणजे गेमचे पोलीस, येते, पण 0.5 सुरक्षेच्या (हायसेकमधल्या सर्वांत कमी) सिस्टिममध्ये तिला यायला वीसेक सेकंद लागतात, आणि तेवढ्यात बरीच स्वस्त जहाजं मिळून फ्रेटर फोडतात. जिटा आणि डोडिक्सी या दुसऱ्या बाजारपेठेच्या वाटेवरची उएडामा सिस्टिम याचसाठी बदनाम आहे. फ्रेटर वाचवायचं असेल तर आत माल कमी भरा. गँकवाले स्कॅन करून हिशेब मांडतात, आणि हिशेब जुळला नाही की सोडून देतात.

लोसेकची (कमी सुरक्षेच्या भागाची) आडवाट, म्हणजे अहबाझोनसारख्या सिस्टिममधून जाणारी, जंप बऱ्याच वाचवते. इथे काँकॉर्ड येत नाही, फक्त गेटवरच्या तोफा असतात. फ्रेटर इथे नेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. ब्लॉकेड रनर हे लहान, चपळ मालवाहू जहाज मात्र याच वाटेसाठी जन्मलाय. तो क्लोक (अदृश्य करणारं यंत्र) लावूनच वॉर्प घेतो आणि त्याच्या पोटात काय आहे ते स्कॅनरला दिसत नाही. लोसेकमध्ये बबल (वॉर्प अडवणारे सापळे) लावता येत नाहीत, ही मोठीच सोय. भीती असते ती गेटवर स्मार्टबॉम्ब (आसपासच्या सगळ्यांना फटका देणारं शस्त्र) लावून बसलेल्यांची. पॉडमध्ये (पायलटच्या बचाव-कुपीत) महागडे इम्प्लांट, म्हणजे पायलटची क्षमता वाढवणारे भाग, घालून जाऊ नका, जहाजापेक्षा तेच जास्त रडवतील.

तिसरी वाट थेराची, म्हणजे फक्त वर्महोलांनी (तात्पुरत्या भोकांनी) जोडलेल्या एका सिस्टिमची. तिथले वर्महोल कधी जिटाजवळ उघडतात, कधी अमारजवळ. दोन्ही एकाच वेळी जुळले तर चार-पाच जंपांत काम होतं. पण एक होल साधारण दिवसभर टिकतं, वजनाला मर्यादा असते आणि हायसेककडच्या होलातून फ्रेटर जात नाही. शिवाय आत बबल चालतात, आणि कोणी बोलल्याशिवाय लोकलमध्ये (सिस्टिमच्या चॅटयादीत) त्याचं नाव दिसत नाही. नशिबाने जुळलं तर जरूर जा, त्यावर धंदा उभा करू नका.

राहिला कुरिअर कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे मोबदला देऊन दुसऱ्या खेळाडूकडून माल पोचवून घेणं. मोठा, जड आणि स्वस्त माल असेल तर माझं मत सरळ यालाच. कोलॅटरल, म्हणजे त्या खेळाडूने ठेवायची अनामत, मालाच्या खऱ्या किमतीइतकी लावा. माल वाटेत उडाला तर पैसे तुम्हाला मिळतात, संध्याकाळही वाचते. मोबदला देऊन नफाच उरत नसेल, तर तो माल जिथे आहे तिथेच विका. अनेकांना हे पटत नाही, कारण स्वतःच्या वेळेचे पैसे कोणी धरत नाही.

भारतातून खेळणाऱ्यांच्या हाती एक हुकमी पत्ता आहे. सर्व्हर रोज थोडा वेळ बंद राहण्याचा डाउनटाइम 11:00 यूटीसीला, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचारला असतो. त्याच्या आधीचे काही तास युरोप कामावर आणि अमेरिका झोपलेली असते, म्हणून गेटांवर तुलनेने सामसूम असते. रात्री अकरानंतर युरोपची गर्दी ऐन भरात येते, आणि गेटवर दबा धरून बसणारे कॅम्पही. महाग पण लहान माल असेल तर दुपारी ब्लॉकेड रनरने लोसेकमधून काढा. निघण्यापूर्वी नकाशावर 'गेल्या तासात फुटलेली जहाजं' हा पर्याय लावा. वाटेतली एखादी सिस्टिम लाल दिसली तर ती अव्हॉइडन्स लिस्टमध्ये (टाळायच्या सिस्टिमांच्या यादीत) टाका आणि प्लॅनर पुन्हा चालवा.