प्रवासी ई-सिमचे आठ महिने: नेट मिळतंच, जपावा लागतो तो घरचा नंबर

गेल्या आठ महिन्यांत कामानिमित्त जपान, नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड, तुर्कस्तान आणि संयुक्त अरब अमिराती एवढे देश झाले. एक अपवाद सोडला तर प्रत्येक वेळी माझी व्यवस्था एकच होती. घरचं नेहमीचं सिम फोनमध्ये जिथल्या तिथे, आणि इंटरनेटसाठी निघण्याआधीच ऑनलाइन घेतलेलं प्रवासी ई-सिम. ही व्यवस्था मला आवडली आणि पुढेही मी तीच ठेवणार आहे. पण ई-सिम घेणाऱ्या प्रत्येकाचं लक्ष किती जीबी आणि किती दिवस याकडेच असतं, आणि माझ्या अनुभवात खरी अडचण तिथे कधी आलीच नाही. ती आली घरच्या नंबरामुळे. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

ई-सिम म्हणजे फोनच्या आतच बसवलेली चिप. तिच्यावर कंपनीचं प्रोफाइल, म्हणजे प्लास्टिकच्या सिमवर असते ती माहिती, इंटरनेटवरून उतरवायचं, बस. ग्राहकांच्या फोनसाठीचं हे तंत्र जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेनं २०१६ मध्ये ठरवलं. २०१७ च्या पिक्सेल २ मध्ये आणि २०१८ च्या आयफोन एक्सएसमध्ये ते आलं आणि आता बऱ्याच फोनमध्ये असतं. आपल्या फोनमध्ये आहे का हे पाहायचं तर *#०६# डायल करा. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, त्यासोबत ईआयडी नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला तर आहे. फोन हप्त्यावर किंवा एखाद्या कंपनीच्या करारावर घेतला असेल तर तो त्या कंपनीपुरता लॉक नाही ना, हेही आधी विचारून घ्या. लॉक असलेल्या फोनमध्ये दुसऱ्याचं ई-सिम चालत नाही.

टोकियोला उतरल्यावर पहिली पंधरा मिनिटं घामच फुटला. रेंजच्या दांड्या पूर्ण, नेट मात्र शून्य. कारण साधं होतं. निघताना मी सगळीकडचं डेटा रोमिंग बंद करून ठेवलं होतं, कारण रोमिंग म्हटलं की भलंमोठं बिल, एवढंच डोक्यात बसलेलं. पण प्रवासी ई-सिम बहुतेक वेळा त्या देशातलं नसतंच. ते तिसऱ्याच देशातल्या कंपनीचं असतं आणि जपानी नेटवर्कवर तेही पाहुणंच असतं. त्यामुळे ई-सिमवर डेटा रोमिंग चालू आणि घरच्या सिमवर बंद, अशी जोडी लागते. शिवाय एका सिमची रेंज गेली की दुसऱ्यावरून डेटा घेण्याची सोय काही फोनमध्ये असते, ती आठवणीनं बंद करा. नाहीतर बोगद्यात ई-सिमची रेंज जाते आणि फोन गुपचूप घरच्या सिमवरून नेट घ्यायला लागतो.

या पाहुणेपणाचा दुसरा परिणाम मला महिनाभरानं उमगला. टोकियोत बसून एखादी वेबसाइट उघडली की ती डच भाषेत यायची. रोज रात्री आईला व्हिडिओ कॉल करायचे तर आम्ही सतत एकमेकींच्या बोलण्यावर बोलायचो. ती "जेवलीस का" विचारायची, मी उत्तर द्यायला लागेपर्यंत तिचा पुढचा प्रश्न आलेला असायचा. शेवटी आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर आपण कुठून आलो ते दाखवणारा क्रमांक, तपासला तर तो नेदरलँड्सचा. म्हणजे माझा प्रत्येक शब्द टोकियोहून आधी युरोपात जात होता, तिथून इंटरनेटवर उतरत होता आणि उत्तरही त्याच वाटेनं परत येत होतं. एका बाजूचं अंतर नऊ हजार किलोमीटरच्या वर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सरळ रेषेत धरलं तरी जाऊन येऊन ९० मिलिसेकंद नुसत्या वाटेतच गेले. केबल काही सरळ रेषेत टाकलेल्या नसतात. माझ्या फोनवर हा विलंब २५० च्या आसपास दिसायचा. पुढच्या खेपेला दुसऱ्या कंपनीचं ई-सिम घेतलं, ज्याचा डेटा सिंगापूरहून बाहेर पडत होता, आणि आईचं बोलणं पुन्हा नीट ऐकू यायला लागलं. नुसते नकाशे आणि मेसेज वापरणार असाल तर याचा विचार करायची गरज नाही. रोज घरच्यांशी कॉलवर बोलणार असाल तर मात्र ई-सिम विकणाऱ्याला जरूर विचारा की डेटा कुठल्या देशातून बाहेर पडतो. ज्यांना याचं उत्तर देता येत नाही त्यांच्याकडून मी आता ई-सिम घेत नाही.

याच वळसा घालून जाण्याचा कुठे कुठे फायदाही होतो. अमिरातीत हॉटेलच्या वाय-फायवर व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जायचे पण कॉल लागत नव्हता, कारण तिथे इंटरनेट कॉलिंगला फक्त परवाना असलेल्या अ‍ॅप्सनाच मुभा आहे. ई-सिमवरून तोच कॉल लागला. चीनला गेलेल्या सहकाऱ्यांचाही असाच अनुभव. तिथल्या स्थानिक नेटवर आणि वाय-फायवर गुगल, व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाहीत, रोमिंगवर असलेल्या परदेशी सिमवर उघडतात. जिथे जायचं तिथले नियम मात्र आधी वाचून घ्या.

डेटा किती लागतो? नकाशे, मेसेज, भाषांतर आणि रात्रीचा अर्धा तास व्हिडिओ कॉल मिळून माझा रोजचा वापर ६०० ते ७०० एमबी राहिला. एकदा मात्र पाच दिवसांसाठी घेतलेले ३ जीबी एका रात्रीत संपले. दिवसभर काढलेले फोटो आणि व्हिडिओ आपोआप क्लाउडवर चढत होते. तेव्हापासून निघण्याच्या आदल्या दिवशी मोबाइल डेटावरचा बॅकअप आणि अ‍ॅप अपडेट बंद करते आणि शहराचा नकाशा घरीच उतरवून ठेवते. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे नकाशा आधीच फोनमध्ये असेल तर रेंज नसतानाही आपण कुठे आहोत ते कळतं. 'अनलिमिटेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लॅनमध्ये रोजच्या ठरावीक वापरानंतर वेग पार खाली आणतात, ती अट बारीक अक्षरांत असते. मी मोजूनमापून जीबीचाच प्लॅन घेते.

आता घरच्या नंबराबद्दल. पहिल्याच प्रवासात तिसऱ्या दिवशी हॉटेलचं पुढचं बुकिंग करायला गेले, कार्डाचा नंबर टाकला आणि बँकेनं ओटीपी पाठवला. तो आलाच नाही. घरच्या सिमवर 'नो सर्व्हिस'. आंतरराष्ट्रीय रोमिंग मी कधी सुरूच केलं नव्हतं, कारण नेटसाठी ई-सिम आहे ना, मग रोमिंग कशाला! सुरू करायला कंपनीच्या अ‍ॅपमध्ये गेले तर लॉग-इन करायला त्याच नंबरवर ओटीपी. कुलपाची किल्ली कुलूपबंद पेटीतच. बँकेला ईमेल केला, उत्तर आलं की नोंदवलेल्या नंबरावरून फोन करा. शेवटी ताईनं तिच्या कार्डावरून पैसे भरले. नेट उत्तम चालू असताना मी माझेच पैसे वापरू शकत नव्हते, आणि त्या संध्याकाळची असहाय अवस्था मी विसरलेली नाही.

त्यामुळे आता घर सोडण्याच्या दोन दिवस आधी घरच्या नंबराचं आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेते. महागडा डेटा पॅक लागत नाही, फक्त सेवा चालू हवी. एसएमएस येण्याला पैसे पडतात का, कॉल उचलला तर किती पडतात, आणि परतण्याआधी व्हॅलिडिटी संपत नाही ना, हे तीनही प्रश्न आपल्या कंपनीला विचारून घ्यायचे. उतरल्यावर घरच्या सिमवर स्वागताचा एसएमएस आला की समजायचं ओटीपीही येतील. न उचललेला कॉल व्हॉइसमेलकडे वळत असेल तर त्याचेही आंतरराष्ट्रीय दरानं पैसे लागू शकतात. निघण्याआधी ##००२# डायल केलं की सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. आयफोनवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं, सिम बदललं की आयमेसेज सुरू करण्यासाठी फोन स्वतःहून एक आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपला मात्र काही होत नाही. 'नंबर बदलायचा का' असं विचारलं तर नाही म्हणायचं, जुन्याच नंबरावर सगळं चालू राहतं.

फोन जुना असेल तर आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये ३जी बंद केलं. जपानमध्येही ३जी आवरतं घेतलं गेलं. अशा ठिकाणी साधा कॉल ४जीवरून, म्हणजे व्होल्टीनंच होतो. आपल्या कंपनीचं व्होल्टी रोमिंग तिथे नसेल तर नेट चालतं पण कॉल लागत नाही.

युरोपात दोन महिने राहायचं होतं तेव्हा ई-सिमऐवजी जर्मनीत स्थानिक सिम घेतलं. युरोपीय संघात १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात घरच्याच दरानं चालतं, त्यामुळे नेदरलँड्समध्ये वेगळं काही करावं लागलं नाही. स्वित्झर्लंड या नियमात येत नाही. बासेलला सीमेजवळ उतरलात तर फोन क्षणात एका देशाच्या टॉवरवर, क्षणात दुसऱ्याच्या. तिथे नेटवर्क हातानं निवडून ठेवा. तुर्कस्तानात परदेशातून आणलेला फोन स्थानिक सिमवर १२० दिवसच चालतो, नंतर आयएमईआय नोंदवावा लागतो. रोमिंगवरच्या ई-सिमला ही अडचण नाही.

बॅटरी दोन सिमवर लवकर उतरते, रेंज कमी असेल तिथे फारच. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची होते. विमानाची नेहमीची मर्यादा १०० ची आहे, तेव्हा अडचण नाही, पण ती हातातल्या बॅगेतच हवी. चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त प्लगचा अ‍ॅडॉप्टर पुरतो.

सगळ्यात मोठी परीक्षा झाली ती झुरिचच्या स्टेशनवर. फोन हातातून निसटला तो थेट पायऱ्यांवर. स्क्रीन काळी. रेल्वेची तिकिटं, बोर्डिंग पास, हॉटेलचा पत्ता, सगळं आत. पिशवीत एक जुना फोन होता, अलार्मपुरता आणलेला. तुटलेल्या फोनमधून घरचं सिम पिनेनं काढलं, जुन्यात घातलं, स्टेशनचं वाय-फाय मिळवलं, ओटीपी आला, ईमेल उघडलं. वीस मिनिटांत तिकिटं परत हातात. ई-सिम मात्र त्या तुटलेल्या फोनसोबतच गेलं. विकणाऱ्या कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की ई-सिम बसवायचा क्यूआर कोड एकदाच वापरता येतो, नवा प्लॅन घ्या. उरलेला सगळा डेटा बुडाला. डेटा बुडाल्याचं मला दुःख नाही. पण त्या दिवशी घरचा नंबरही ई-सिमवर असता तर मी काय केलं असतं, या विचारानं आजही पोटात गोळा येतो.

घरचा नंबर ई-सिमवर करून घ्या असं आता बरेच जण सुचवतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये तर २०२२ च्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच नाही. फोन चोरीला गेला तर चोराला सिम काढता येत नाही हे त्यामागचं कारण मला पटतं. पण माझ्या बाबतीत फोन चोरीला जाण्यापेक्षा पडण्याचीच शक्यता जास्त, म्हणून घरचा नंबर मी प्लास्टिकच्या सिमवरच ठेवला आहे आणि चोराची सोय होऊ नये म्हणून त्यावर सिम पिन लावली आहे. पिन तीनदा चुकली की सिम बंद होतं आणि उघडायला आठ आकडी पीयूके लागतो. तो मी एका चिठ्ठीवर लिहून पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवला आहे आणि तोच ताईकडेही देऊन ठेवला आहे. जुना फोन आता प्रत्येक प्रवासात पूर्ण चार्ज करून, बँकेचं अ‍ॅप आणि ईमेल आधीच सुरू करून सोबत नेते.