बँड सहा, पायरी तिसरी : विद्यापीठाच्या सघन इंग्रजी वर्गाचा अनुभव

बेळगावातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी अमेरिकेतील एका विद्यापीठात गेलो, तेव्हा मला मिळालेला प्रवेश सशर्त होता. आधी विद्यापीठाच्याच सघन शैक्षणिक इंग्रजी वर्गात ठरलेली पायरी गाठायची आणि मगच पदव्युत्तर वर्गात बसायचे, अशी ती अट होती. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची काही मुले आता याच वाटेने निघाली आहेत आणि इथे मिळणारी माहिती बहुधा शुल्क आणि व्हिसा यांच्यापलीकडे जात नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या वर्गाची सर्वांत चांगली बाजू म्हणजे विद्यार्थ्याची पायरी ठरवण्याची पद्धत. आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेत मला वाचनात ७, संभाषणात ६ आणि श्रवण व लेखनात प्रत्येकी साडेपाच बँड, म्हणजे गुणश्रेणी, होते. सरासरी बरोबर ६ भरली आणि त्या एका आकड्यावर आमच्या घरी पेढे वाटले गेले. विद्यापीठाने मात्र त्या सरासरीवर विसंबून न राहता पहिल्याच आठवड्यात स्वतःची चाचणी घेतली. तीत संगणकावर वाचन, व्याकरण आणि श्रवण होते, अर्ध्या तासात हाताने लिहायचा एक निबंध होता आणि शेवटी दोन शिक्षकांसमोर मुलाखत होती. एकूण सहा पायऱ्यांपैकी वाचन-व्याकरणात मला पाचवी, लेखनात चौथी आणि श्रवण-संभाषणात तिसरी पायरी मिळाली. तिसरीचा कागद हातात पडल्यावर मला अपमान वाटला, पण विचार केल्यावर तो निर्णय पटला. घरात मराठी, बसच्या पाटीवर कन्नड, बाजारात दोन्हींची सरमिसळ आणि इंग्रजी केवळ प्रश्नपत्रिकेत, अशा वातावरणात वाढलेल्या मुलाचे डोळे इंग्रजीला सरावतात, कान आणि जीभ सरावत नाहीत.

शिकवण्यात लेखनाचा वर्ग सर्वांत सरस होता. माझा पहिला निबंध मी शाळेत शिकलो तसाच, सुभाषिताने सुरू करून उपदेशाने संपवला होता. शिक्षिकेने शेवटच्या परिच्छेदातील एका वाक्याखाली रेघ ओढली आणि हेच तुमचे म्हणणे असेल तर ते पहिल्या परिच्छेदात का नाही, असा समासात प्रश्न लिहिला. पाल्हाळ लावण्याची सवय मोडायला मला दोन महिने लागले. त्याहून अवघड गेले ते दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडणे. आपल्याकडे पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे उतरवले की पूर्ण गुण मिळतात. तिथे तेच वाक्य उगमाचा उल्लेख न करता लिहिले तर ती वाङ्मयचोरी ठरते. हे नियमावलीत वाचायला सोपे असले, तरी शिक्षिका प्रत्येकाचा मसुदा मूळ उताऱ्याशेजारी ठेवून कुठे केवळ शब्द बदलले आणि कुठे खरोखर अर्थ पचवला हे दाखवीत असे, तेव्हाच ते अंगी लागले. शब्दसंग्रहासाठी भाषा-अभ्यासक एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली ५७० शब्दकुलांची, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची, शैक्षणिक यादी वापरली जाई. यादी पाठ करून घेण्याऐवजी प्रत्येक शब्द कोणत्या शब्दासोबत येतो हे शिकवत, ही पद्धत मला आवडली.

उच्चाराच्या वर्गाने डोळे उघडले. मराठीत आपण ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ असे वेगळे लिहून फरक पाळल्याचे समाधान मानतो, पण दुसऱ्या शब्दात वरचे दात खालच्या ओठाला टेकवावे लागतात हे मला तिथे पहिल्यांदा कळले. ‘फोटोग्राफ’चा आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शब्दाच्या पहिल्या उच्चारखंडावर असतो आणि ‘फोटोग्राफी’चा दुसऱ्यावर, हा आघात चुकला की समोरचा माणूस शब्दच ओळखत नाही.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. व्याकरणाचा तास मला जवळजवळ निरुपयोगी वाटला, कारण कर्मणी प्रयोग आणि अप्रत्यक्ष कथन आपल्या मराठी शाळांनी आधीच घोटून घेतलेले असते. आपली खरी अडचण मराठीत नसलेल्या ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांची असते आणि त्यांना जेमतेम एक आठवडा मिळाला. श्रवणाची चाचणी गजबजलेल्या प्रयोगशाळेत झाली आणि माझ्या हेडफोनची एक बाजू बंद होती. पायरी बदलण्याचा अर्ज पहिल्या आठवड्यातच करावा लागतो हे मला तिसऱ्या आठवड्यात कळले. विद्यार्थी व्हिसावर अशा भाषावर्गात आठवड्याला किमान १८ तास हजेरी आवश्यक असते, त्यामुळे कंटाळवाणा तासही चुकवता येत नाही. शुल्क भरपूर आहे आणि माझ्या बाबतीत त्यातले एकही क्रेडिट पदवीत धरले गेले नाही. कर्ज काढून जाणाऱ्या घराने हा खर्च आणि हे महिने आधीच हिशोबात धरावेत.

यंदा निपाणीचा माझा मावसभाऊ अर्ज करतो आहे. मी त्याला दोन विद्यापीठांना दोनच प्रश्न लिहायला लावले : पायरी प्रत्येक कौशल्याची वेगळी ठरते की सर्वांची मिळून एकच, आणि वर्ग सुरू झाल्यावर ती किती दिवसांपर्यंत बदलता येते. एकाकडून दोन दिवसांत नेमके उत्तर आले. दुसऱ्याने शुल्काचे रंगीत माहितीपत्रक पाठवले आहे.