ओरोची की तोयोतामा? जपानी ड्रॅगनची कुठली गोष्ट आधी घ्यावी

मुलांना सांगायला किंवा स्वतः वाचायला जपानी ड्रॅगनची एकच गोष्ट घ्यायची असेल तर माझ्या मते खरी निवड या दोघांतच आहे, यामाता नो ओरोची आणि तोयोतामा-हिमे. दोन्ही जपानच्या सगळ्यात जुन्या पुराणकथा-इतिहासाच्या ग्रंथांत, म्हणजे 712 सालच्या 'कोजिकी'त आणि 720 च्या 'निहोन शोकी'त आहेत, पण वाचल्यावर मनात जे उरतं ते अगदी वेगळं.

ओरोची म्हणजे आठ डोकी, आठ शेपट्या, अंगावर शेवाळ आणि झाडं उगवलेली, डोळे होझुकीच्या फळासारखे लालभडक. स्वर्गातून हाकललेला सुसानोओ नावाचा देव इझुमो प्रांतात उतरतो, नदीतून एक चॉपस्टिक वाहत येते, म्हणजे वर माणसं राहतात म्हणून तो चालत जातो तर म्हातारा-म्हातारी रडत बसलेत, आठ मुलींपैकी सात ओरोचीने खाल्ल्या, आता शेवटच्या कुशिनादाची पाळी. (आपल्याला लगेच बकासुर आठवतो.) सुसानोओ तिची फणी बनवून आपल्या केसांत खोचतो आणि कुंपणाला आठ दारं ठेवून प्रत्येक दारात दारूचं पिंप ठेवतो. ओरोची पिऊन झोपला की तुकडे, आणि शेपटी कापताना तलवारीची धारच उडते, कारण आत दुसरी तलवार असते, तीच पुढे कुसानागी म्हणून प्रसिद्ध झाली. सात-आठ वर्षांच्या पोराला हीच सांगा, आठचा आकडा सारखा येत राहतो म्हणून पोरं स्वतःच पुढचं बोलायला लागतात.

तोयोतामाची गोष्ट मात्र मोठ्यांनी आधी वाचावी असं मला मनापासून वाटतं. भावाचा गळ समुद्रात हरवला म्हणून होओरी नावाचा देवपुत्र समुद्रदेवाच्या महालात पोचतो, समुद्रदेवाच्या मुलीशी, म्हणजे तोयोतामाशी, लग्न करतो आणि तीन वर्षं तिथेच रमतो, मग एक दिवस गळ आठवून मोठा सुस्कारा टाकतो. गळ सापडतो माशाच्या घशात. नंतर ती बाळंतपणाला किनाऱ्यावर येते, पाणकावळ्याच्या पिसांनी झोपडी शाकारायचं काम अजून अर्धवटच असतं आणि कळा सुरू होतात. बघू नकोस म्हणते, तो बघतोच, आणि आत ती आपल्या मूळ रूपात वळवळत असते. त्याने पाहिलं या लाजेने ती बाळ ठेवून समुद्रात निघून जाते. इथे ड्रॅगनला कोणी मारत नाही, इथे ड्रॅगनच आई आहे, आणि त्या बाळाचा मुलगा म्हणजे जपानचा पहिला सम्राट जिम्मू.

एक लक्षात ठेवा, ड्रॅगनच हवा असेल तर 'निहोन शोकी'ची मुख्य कथा घ्या, 'कोजिकी'त ती 'वानी' होते, म्हणजे मगर किंवा शार्क. तसा ओरोचीही शब्दशः महासर्पच.

जपानला जाणार असाल तर शिमाने प्रांतात इवामी कागुरा हे पारंपरिक नृत्यनाट्य बघा, बांबू आणि कागदाचे लांबलचक ओरोची स्टेजभर वेटोळी घालतात. आणि मियाझाकीत समुद्राकाठच्या गुहेतलं उदो मंदिर, तिथे स्तनांसारख्या खडकातून पाणी ठिबकतं, तोयोतामाने जाताना बाळासाठी आपले स्तनच मागे ठेवले असं मानतात, आणि त्या पाण्याच्या गोड गोळ्या आजही तिथे विकत मिळतात.